खोगीरभरती

'खोगीरभरती' हा शब्द हल्ली आपण फक्त माणसांबद्दल वापरतो. मंत्रिमंडळात, समितीत, लग्नाच्या वऱ्हाडात जी माणसे जागा भरण्यापुरती घेतलेली असतात, ती खोगीरभरती. मूळ शब्द बिचारा अगदी प्रामाणिक होता. घोड्याच्या पाठीवरचे खोगीर गुबगुबीत व्हावे, स्वाराला खालून घोडा बोचू नये आणि घोड्याला वरून स्वार बोचू नये, म्हणून त्यात ज्या चिंध्याबिंध्या कोंबत, ती खोगीरभरती. घोडे गेले, खोगिरे गेली, भरती मात्र राहिली. ती आता मोटारसायकलच्या मागच्या सीटवर काळ्या रबराने आवळून बांधलेली असते.

खोटे वाटत असेल तर एखाद्या शनिवारी सकाळी कोलाडला जाऊन उभे राहा. रोहे तालुक्यातले हे गाव सापडायला कठीण नाही. मुंबईहून गोव्याकडे निघालेला रस्ता पेण, नागोठणे करीत इथे येतो. रोह्याचा फाटा इथेच फुटतो. पुण्याची मंडळी ताम्हिणी घाट उतरून, विळ्यावरून इथेच येऊन मिळतात. मुंबईपासून अंतर साधारण १२० किलोमीटर, पुण्यापासून त्याहून थोडे कमी. म्हणजे नेमके असे, की घरून निघताना मारलेली गाठ इथपर्यंत टिकते आणि इथे सुटते. त्यातून ह्या रस्त्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि पुढे दीड दशक रेंगाळले. गाठ पक्की आहे की नाही हे तपासायची एवढी मोठी सरकारी सोय दुसरीकडे नसेल. त्यामुळे प्रत्येक मोटारसायकल कोलाडला थांबते. चालवणारा मिसळ मागवतो आणि मागे बसलेली व्यक्ती सामान पुन्हा बांधते.

तिथे एक चहा घेऊन उभे राहिलात की सामानाचे अख्खे म्युझियम समोरून जाते. बुलेटवर दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या चामड्याच्या पिशव्या. स्कूटरच्या पुढच्या आकड्याला भाजी. दूधवाल्याच्या गाडीला दोन अंगांना दोन किटल्या. आणि एखाद्या तरुणाच्या गाडीला तीन बाजूंनी अॅल्युमिनियमच्या अशा पेट्या, की हा गोव्याला निघालाय की बँकेची कॅश पोचवायला, ते कळू नये.

मोटारसायकलवर सामान कशात न्यावे हा प्रश्न ह्या पोरांना आपलाच वाटतो. वास्तविक तो मोटारसायकलीपेक्षा पुष्कळ जुना आहे.

आमच्या ह्या टापूत तो पहिल्यांदा सोडवला बैलाने. म्हणजे सोडवला वंजाऱ्याने, पण ओझे बैलाने वाहिले असल्यामुळे श्रेय त्यालाच द्यावे हे बरे. पेणच्या बाजूला खाडीकाठी मिठागरे. मीठ खाली कोकणात, आणि मिठावाचून अळणी बसलेली माणसे वर घाटावर. उलट धान्य वर आणि ते खाणारी तोंडे खाली. गाडीरस्ते होण्यापूर्वी हा सगळा व्यवहार बैलांच्या पाठीवरून घाटवाटांनी चाले. बैलाच्या पाठीवर आडवी टाकायची, दोन्ही अंगांना लोंबणारी ती गोण. वाण्याच्या दुकानातली गोणी ही तिचीच लेक. गोणीचा नियम एकच : दोन्ही बाजूंना वजन सारखे. एका बाजूला मीठ जास्त झाले की बैल घाटात तिरका चालणार, आणि घाटात तिरके चालणाऱ्याला पुढचे वळण दिसत नाही, दरी दिसते.

आम्ही कॉमर्सवाले. आम्हाला हा नियम ऐकला की लुका पाचोली आठवतो. ह्या इटालियन साधूने १४९४ साली आपल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी जमाखर्चाची पद्धत छापून टाकली आणि पुढच्या सव्वापाचशे वर्षांतल्या समस्त कारकुनांची सोय (की गैरसोय?) करून ठेवली. डावीकडे नावे, उजवीकडे जमा, आणि खाली दोन्ही बेरजा सारख्या. वंजाऱ्याने पाचोली वाचला नव्हता. त्याचा ताळेबंद चुकला तर साहेब ओरडत नसे, बैल पडत असे. एवढ्या कडक ऑडिटपुढे पुस्तकाची गरज राहत नाही.

बैलाची गोण, तशी घोड्याची खुर्जी. शब्द फारसीतून आला, पण इथे येऊन अस्सल मराठी झाला. खोगिरावरून आडवी टाकायची दोन कप्प्यांची पिशवी ती खुर्जी. तीच लहान होऊन पायी चालणाऱ्याच्या खांद्यावर आली की पडशी. एक कप्पा पोटावर, एक पाठीवर. आज ज्याला 'सॅडल बॅग' म्हणून दुकानदार चढ्या भावाने विकतो, ती आपल्या पणजोबांच्या घोड्यावर होती. अर्थात पणजोबांकडे घोडा असला तर.

ह्या खुर्जीच्या राज्यात सर्वात कमी सामानाचा विक्रम थोरल्या बाजीरावाच्या नावावर आहे. आख्यायिका अशी सांगतात की निजामाने आपल्या चित्रकाराला हुकूम केला, पेशवा ज्या स्थितीत पहिल्यांदा दिसेल त्या स्थितीत त्याचे चित्र काढून आण. चित्रकाराने आणले ते असे : पेशवा घोड्यावर, भाला खांद्याला टेकलेला, घोडा बांधायच्या अगाडी-पिछाडीच्या दोऱ्या घोड्याच्याच तोबऱ्यात टाकलेल्या, आणि स्वारी जोंधळ्याची कणसे हातावर चोळून दाणे तोंडात टाकीत चाललेली. आख्यायिका कितपत खरी ते इतिहासकारांनी ठरवावे. आपण फक्त सामान पाहू. घोडा थांबला की तोबऱ्यात चंदी, घोडा चालू लागला की त्याच तोबऱ्यात दोऱ्या. एका पिशवीचे दोन उपयोग! स्वयंपाकघर शेतात. भांडी म्हणजे दोन तळहात, आणि ती घासावी लागत नाहीत. १७२८ साली पालखेडला निजामाचा जड तोफखाना मागे राहिला आणि निजाम कोंडीत सापडला, त्यात ह्या तोबऱ्याचा वाटा होताच.

त्यानंतर बत्तीस वर्षांनी सदाशिवरावभाऊ उत्तरेला निघाले, तेव्हा लढणाऱ्यांच्या बरोबर न लढणारी माणसेही अफाट होती. बायकामुले होती, दुकानदार होते, तीर्थयात्रेला निघालेले भाविक होते. ह्या साऱ्यांना इतिहासाने 'बाजारबुणगे' असे नाव ठेवले. पुढे पानिपतावर रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी आमची माणसे उपाशीपोटी लढायला बाहेर पडली. त्या पराभवाची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांवर ग्रंथही पुष्कळ आहेत. पण एवढ्या तोंडांना पुरेल एवढा दाणा छावणीत नव्हता, ह्यावर कोणाचा वाद नाही.

मात्र एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती पुढे लागणार आहे. बुणगे स्वतःहून आले नव्हते. कुणीतरी 'चला' म्हटले म्हणून ते आले. हरल्यावर मात्र त्यांची गणना सामानात झाली.

आता यंत्रयुगाकडे वळू. १८८५ साली जर्मनीत गोटलीब डाइमलरने पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी बनवली. गाडी लाकडी होती, आणि बैठकीच्या बरोबर खाली इंजिन. त्याचा मुलगा पहिल्या फेरीला निघाला तेव्हा इंजिनाच्या उष्णतेने बैठक पेटली, असे सांगतात. म्हणजे पाहा, सामान कुठे ठेवावे हा प्रश्न यायच्या आधीच, माणूस कुठे ठेवावा हा प्रश्न आला. तो सुटल्यावर लोक सामानाकडे वळले, आणि घोड्याच्या खोगिरावरची खुर्जी उचलून जशीच्या तशी मागच्या चाकावर टाकली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने बी.एस.ए. कंपनीच्या मोटारसायकली वापरल्या, त्यांच्या मागच्या चाकाला दोन्ही अंगांना कॅनव्हासच्या थैल्या असत. त्या थैलीला इंग्रज 'पॅनिअर' म्हणतो. शब्दाच्या मुळाशी गेले तर लॅटिनमध्ये त्याचा अर्थ निघतो पावाची टोपली.

हे कळल्यापासून मला कोकणातल्या पाववाल्याबद्दल फार आदर वाटू लागला आहे. सकाळी बजाज एम-८०च्या मागे पावाची टोपली बांधून तो गल्लीत शिरतो, तेव्हा जगातल्या यच्चयावत पॅनिअरवाल्यांत शब्दाच्या मूळ अर्थाशी इमान राखणारा तो एकटाच असतो. त्याचा गुरुबंधू ह्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, गोव्यात आहे. तिथला पोदेर सायकलला टोपली लावून, भोंगा वाजवीत पाव विकतो. बाकीचे सगळे पॅनिअर लावतात आणि त्यात टी-शर्ट भरतात.

दूधवाल्याचे तर विचारूच नका. राजदूतला दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे, आकड्यांना किटल्या, आणि रतीब घालीत जाताना एकदा डावीकडचे माप, एकदा उजवीकडचे. गाडी कधी कलंडल्याचे ऐकिवात नाही. हल्ली पेट्या विकणारे पेटीचे आकारमान लिटरमध्ये सांगतात. पस्तीस लिटरची पेटी, पंचेचाळीस लिटरची पेटी! कपडे लिटरने मोजतात हे ऐकून शहाण्यासुरत्या माणसाला भोवळ येते. दूधवाल्याला येत नाही. तो पहिल्यापासून लिटरमध्येच विचार करतो आहे.

आपल्याकडे १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट देशी झाली. साठीत म्हैसूरची जावा आली, पुढे तिचीच येझदी झाली. ह्या गाड्यांना खुर्जी लावायची म्हणजे एक राष्ट्रीय पेच होता. जावाला दोन्ही बाजूंना सायलेन्सर. उजवीकडे पिशवी लावावी तर पिशवी भाजते, डावीकडे लावावी तर तीही भाजते, आणि शिवाय डावीकडे बायको. आपल्याकडची बाई नऊवारी असो की पाचवारी, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसणार. तिच्या पायांच्या जागी पिशवी आली तर पाय कुठे? म्हणून उत्तर असे निघाले की पिशवी बाईच्या मांडीवर.

हसू नका. महाराष्ट्रातल्या दुचाकी सामानाच्या इतिहासातला हा सर्वात मोठा शोध आहे, आणि त्याचे पेटंट कुणीही घेतलेले नाही.

स्कूटरचा जमाना आठवा. १९७२ साली बजाजची चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. बारशाला नंबर लावला आणि मुंजीला स्कूटर आली, अशी घरे होती. ह्या जातीच्या स्कूटरचे इंजिन उजव्या बगलेत. म्हणून डाव्या बगलेत एक कुलपाची डिकी दिलेली असे. त्या डिकीत सामान म्हणून काय मावे? एक पाना, एक जादा प्लग, एक कळकट फडके आणि विम्याचे कागद. झाली डिकी फुल्ल. संसार बाहेर. पुढे हँडल धरून थोरला उभा. पायांपाशी गॅसचा सिलिंडर, म्हणजे १४.२ किलो गॅस आणि जवळजवळ तितकेच लोखंड. आकड्याला भाजीची पिशवी. आणि उरलेले सगळे, म्हणजे धाकटी, तिचे दप्तर, दुरुस्तीला न्यायचा मिक्सर, लग्नाला द्यायचे स्टीलचे पिंप, दिवाळीत माहेरी न्यायचा फराळाचा डबा, हे मागे. मांडीवर.

एक हात डब्याला, एक हात पोरीला, आणि तोल सांभाळायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. तरी त्या बायकांनी अख्खे दशकच्या दशक असे पार पाडले. खड्डा आला की स्कूटरला शॉकअब्सॉर्बर होता, डब्याला ती होती. करंज्या मोडत नसत. मोडल्याच तर घरी पोचल्यावर, 'तुम्ही जरा हळू का नाही हो चालवत?' एवढेच ती म्हणे. गाडी मी किती सफाईने चालवतो, हे मित्रांना सांगणाऱ्या एकाही गृहस्थाने मागच्या सीटवरचे हे कौशल्य हिशेबात धरले नाही.

आणि हा प्रकार नुसता गमतीचा नव्हता. पदर, ओढणी, दोरीचे सुटलेले टोक मागच्या चाकात जाऊन संसार रस्त्यावर येत होते. केंद्र सरकारच्या १९८९ सालच्या मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. मागे बसणाऱ्याला धरायला हाताशी काही हवे, पाय टेकायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकलेले हवे, असे तो सांगतो. आपण ज्या जाळीला 'साडी गार्ड' म्हणतो ती ही. नवी गाडी घेतली की तरुण पोरे पहिले काम करतात ते ही जाळी काढून टाकण्याचे. का, तर गाडीचा 'लुक' जातो! नियम कागदावर उतरायच्या आधी काय काय घडलेले असते, हे त्या लुकला माहीत नसते.

माझा एक भाचा ह्याच वळणावर मला भेटला. नवे लग्न, नवी हिमालयन, आणि दोघांचा बेत कोलाडला जाऊन कुंडलिकेत राफ्टिंग करायचा. त्याची सुरुवात अशी : "मामा, तुम्ही कॉमर्सचे ना? मग सांगा, सॉफ्ट घेऊ की हार्ड?" म्हणजे कापडी पिशव्या की धातूच्या पेट्या. ह्या पेट्यांचेही घराणे आहे. इटलीत जुझेप्पे विझेन्झी नावाच्या एका माजी रेसरने १९७८ साली स्वतःच्या नावाची आद्याक्षरे जुळवून 'गिवी' ही कंपनी काढली, आणि मोटारसायकलच्या पेटीला प्रतिष्ठा आली. पुढे २००४ साली इवान मॅकग्रेगर नावाचा नट आणि त्याचा मित्र पेट्या लावून लंडनहून पूर्वेच्या वाटेने न्यूयॉर्कला गेले, त्यावर दूरदर्शन मालिका निघाली, आणि जगभर पेट्यांची साथ पसरली. भाच्याला ती लागलेली होती.

मी त्याला चे गव्हेराची गोष्ट सांगितली. १९५२ साली हा डॉक्टरकीचा विद्यार्थी आणि त्याचा मित्र एका जुन्या ५०० सीसी नॉर्टनवर दक्षिण अमेरिका पाहायला निघाले. गाडीवर इतके सामान, की तिचा तोल राहीना. त्यात प्रेयसीला द्यायचे एक कुत्र्याचे पिल्लू. गाडी पुन्हा पुन्हा आडवी होई. शेवटी चिलीत तिने राम म्हटला. पुढे ते दोघे चालत, ट्रकवाल्यांना हात करीत गेले, आणि माणसे त्यांना भेटली ती तेव्हा.

"म्हणजे पेट्या घेऊ नको?" भाचा म्हणाला. पोरगा हुशार आहे. गोष्टीतून तात्पर्य चटकन काढतो, फक्त चुकीचे.

मग मी त्याला ताळेबंद मांडून दिला. धातूची पेटी कुलपात राहते, पावसाला दाद देत नाही, हे जमेला. पण ती हँडलच्याही बाहेर येते, आणि दोन ट्रकांच्या फटीतून जाताना आपण आपली रुंदी विसरतो, हे नावे. शिवाय गाडी आडवी झाली की पाय पेटीखाली सापडतो. कापडी पिशवी आडवी झाली तर दबते, पाय सोडून देते. पण तिला कुलूप नाही, आणि रायगड जिल्ह्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. इथे 'वॉटरप्रूफ' ह्या शब्दाचा अर्थ, आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही, असा आहे. तेव्हा पिशवीच्या आत आणखी एक प्लॅस्टिकची पिशवी हवीच.

पण सॉफ्ट-हार्डपेक्षा मोठा प्रश्न वजन कुठे बसते हा. जड वस्तू खाली आणि शक्यतो पुढे, मागच्या आसाच्या अलीकडे. मागच्या टोकाला उंच पेटी लावून तीत जड सामान भरले, की पुढचे चाक हलके होते, वेगात हँडल डुलू लागते, आणि खड्ड्यात गाडी आपले ऐकत नाही. डावे-उजवे वजन काट्यावर सारखे. तराजू नसेल तर दोन हातांत दोन पिशव्या धरून पाहाव्यात. दोरीचे एकही टोक मोकळे नको. साखळी आणि चाक ही दोन्ही त्याची वाट पाहत असतात. दहा किलोमीटर गेल्यावर थांबून गाठी पाहायच्या, कोलाडपर्यंत थांबायचे नाही. आणि ज्या वस्तूचे दुकान वाटेत आहे ती वस्तू घरी ठेवायची. कोलाडला साबण मिळतो, टूथपेस्ट मिळते, टॉवेलसुद्धा मिळतो. तेवढ्यासाठी खिशात नोट असली म्हणजे पुरे. रिझर्व बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख शेजारच्या रोह्याच्या देशमुख घराण्यातले. १९४३ ते १९४९ ते त्या खुर्चीत होते. इतके हलके, घडी घालता येणारे आणि कुठेही चालणारे सामान देशभर पोचवणारा माणूस ज्या मुलखाने दिला, तिथे जाताना पोरांनी तीन पेट्या लावाव्यात?

"मागे पेटी लावली तर हिला टेकायला बरं पडेल," भाचा म्हणाला.

त्यावर मी त्याला कायदा दाखवला. २०२० साली सरकारने दुचाकीच्या पेटीचे माप घालून दिले. लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५००, याहून मोठी नको. पुढे असेही म्हटले, की पेटी मागच्या बैठकीच्या जागेवर बसवली असेल तर गाडीवर चालवणारा एकटाच. ती बैठकीच्या मागे असेल तरच दुसरे माणूस. म्हणजे पेटी की पत्नी, हा प्रश्न थेट भारत सरकारने विचारलेला आहे. सूनबाई शेजारीच उभी होती. तिने नियम दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, "मामा, ह्याची झेरॉक्स मिळेल?"

कोलाडचे ह्या इतिहासातले स्वतःचे योगदान अजून सांगायचे आहे. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते आणि कोलाड हे तिच्यावरचे पहिलेवहिले स्टेशन. २६ जानेवारी १९९९ पासून इथे एक अजब प्रकार सुरू झाला. भरलेले ट्रक मालासकट रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढू लागले आणि रेल्वे त्यांना घेऊन गोव्यात वेर्ण्याला जाऊ लागली. ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये. स्टिअरिंग समोर आहे, पण फिरवायचे नाही. ब्रेक पायाखाली आहे, पण दाबायचा नाही. आयुष्यभर सामान वाहिलेल्या माणसाला सामान होऊन बसायचा हा योग. २०२५ च्या गणपतीच्या सुमारास मोटारींनाही ही सोय झाली. त्यात मोटार वाघिणीवर आणि मालक शेजारच्या डब्यात. मोटारसायकल तर रेल्वे पहिल्यापासूनच पार्सल म्हणून नेते, टाकीतले पेट्रोल काढून, गोणपाटात गुंडाळून. ज्या गाडीवर आपण गोणपाट बांधतो, तीच एक दिवस गोणपाटात जाते.

भाच्याने शेवटी कापडी खुर्ज्यांची जोडी घेतली, ती मागची एक लहानशी पेटी पदरात पाडूनच. डावी पिशवी तिची, उजवी त्याची. कुंडलिकेच्या पाण्याचे गणितही विचित्र आहे. तिकडे भिऱ्याला टाटांचे वीजघर आहे, १९२७ सालचे. मुळशीच्या धरणाचे पाणी घाटावरून खाली आणून त्यावर वीज करतात, आणि सोडलेले पाणी सकाळी नदीला येते. त्या पाण्यावर ही मंडळी तराफे हाकतात. म्हणजे कपडे ओले होणार ते विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे. जाताना कोरडे असलेले कपडे येताना दुप्पट वजनाचे. त्यातही हिचे डावीकडे, त्याचे उजवीकडे. खाते टॅली राहिले.

घोटाळा झाला तो परतीच्या वाटेवर, पेणला. गणपतीला तीन आठवडे होते आणि पेणच्या कारखान्यांत मूर्तींच्या ओळी लागल्या होत्या. सूनबाईला एक मूर्ती आवडली. सव्वा फूट, पाटावर बसलेली, मागे प्रभावळ. भाच्याने मोठ्या ऐटीत पेटी उघडली. मूर्ती उभी मावेना. आडवी मावली असती, पण गणपतीला आडवा कोण घालणार? खुर्जीत ठेवावी तर ओले कपडे. सीटवर बांधावी तर रबर कुठून न्यायचे, सोंडेवरून की हातावरून? मूर्तिकार शांतपणे बघत होता. त्याने मूर्ती गवताच्या चुंबळीवर ठेवली, कागदात गुंडाळली, आणि भाच्याकडे न बघता ती सरळ सूनबाईच्या हातात दिली. इतक्या वर्षांत इतक्या मूर्ती दुचाकीवर चढलेल्या पाहिल्यावर, त्या कशावर ठेवायच्या हे त्याला कोणी सांगावे लागत नव्हते.

पेणहून घरापर्यंत भाचा चाळीसच्या वर गेला नाही. सूनबाईने मूर्ती जशीच्या तशी उतरवली. सोंड शाबूत, प्रभावळ शाबूत.

घरी आल्यावर त्याने मला फोन केला. म्हणाला, "मामा, त्या मागच्या पेटीला गिऱ्हाईक आहे का कुणी? पस्तीस लिटरची आहे."

मी त्याला आमच्या दूधवाल्याचा नंबर दिला.